मनगटावरचं मोडी नाव

मोडी लिपी शिकवणारी माझी वेबसाइट सहा वर्षं चालली, म्हणजे नुसती उघडी राहिली. नोकरीत असताना मी जुन्या दफ्तरांतले मोडी कागद वाचायचो. निवृत्तीनंतर गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून सगळे धडे लिहून काढले आणि लेकीकडून साइटवर चढवून घेतले. वाचायला यायचे ते जुने सहकारीच, तेही मी फोन करून आठवण करून दिली की.

लेक दादरला असते. एकदा म्हणाली, "बाबा, लोक तुमच्या दारात येणार नाहीत. ते जिथे आहेत तिथे तुम्ही जा. मिनिटभराचा व्हिडिओ करू." तिने माझा हात तेवढा दाखवला. मी बोरूने तिचं नाव मोडीत लिहिलं.

चार दिवसांत फोन वाजायचा थांबेना. "माझंही नाव लिहा ना." बायकोचं, बाळाचं, कुत्र्याचंही. मला वाटलं, नावापासून सुरुवात करून ही माणसं धड्यांकडे वळतील. एकही वळला नाही. मध्ये एका जुन्या खरेदीखताचा व्हिडिओ टाकला, तर खाली विचारणा, "काका, नावं बंद केली का?" बंद करायची हिंमत होईना. इतकी माणसं आयुष्यात कधी माझ्याकडे आली नव्हती. सकाळी चहाआधी पाच-सहा नावं, जेवणानंतर पुन्हा तेच. बायकोने विचारलं, "अहो, हे संपणार कधी?" मी पुढचं नाव लिहायला घेतलं.

अशात परळच्या एका हॉस्पिटलातल्या नर्सचा फोटो आला. तिने वारलेल्या आईचं नाव मागितलं होतं, मी ते व्हिडिओत लिहून दाखवलं होतं. आता ते तिच्या मनगटावर गोंदलेलं होतं. खाली लिहिलं होतं, "आई आता कायम सोबत."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मधलं एक अक्षर नव्हतंच. मोडीत हात न उचलता लिहितात. घाईत माझा हात तेवढं अक्षर सोडून पुढे गेला होता.

दोन दिवस तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. तिसऱ्या दिवशी तिला फोन करून खरं ते सांगितलं, माफी मागितली.

मागे कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. मग तिने विचारलं, "हे वाचता येणारे किती असतील, सर?"

"फार थोडे."

"मग राहू दे. वडिलांना दाखवलंय मी. ते रोज त्यावरून बोट फिरवतात. तुम्ही तेवढा व्हिडिओ काढून टाका, आणि कोणाला सांगू नका."

"नीट लिहून पाठवू का?"

"नको, सर."

व्हिडिओ काढून टाकला. नावं बंद, असं लेकीने जाहीरही केलं. दुसऱ्याच दिवशी कुणा आजोबांनी नातीचं नाव मागितलं आणि मी बोरू उचलला. अजून लिहितोच आहे. पाठवण्याआधी प्रत्येक नाव तीनदा वाचतो. धडे तसेच पडून आहेत. क्वचित कुणी सगळे पुरे करून कळवतं, की आता मला मोडी वाचता येते. आनंद व्हायला हवा. मी आधी विचारतो, परळच्या हॉस्पिटलात कधी जाणं होतं का.