चुकीच्या घळीतला शोध

डोंगरातल्या घळींत दोर लावून उतरणाऱ्यांचे फोटो हल्ली पाहतो, तेव्हा फेब्रुवारीतली ती सकाळ अजून आठवते.

मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. तारकर्लीहून एका घरगुती निवासाच्या मालकिणीचा फोन आला. "साहेब, काल तिघे डोंगरात गेले, दोघेच इले. तिसऱ्याची ब्याग हयच आसा, आणि हे गाडयेत सामान भरतत. माका काय ता बरा दिसणा नाय."

दोघांना ठाण्यात आणलं. एक जवळचाच, पर्यटकांना डोंगरात नेणारा आयोजक. दुसरा त्याचं पुण्याचं गिऱ्हाईक. हरवलेला तरुण या गिऱ्हाइकाचा मित्र. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब घेतले. धबधब्याच्या घळीतून परतताना तो मागे राहिला आणि वाट चुकला, असं दोघांनीही सांगितलं. शब्दही तेच, क्रमही तोच. दोन माणसं एक प्रसंग कधीच इतका सारखा सांगत नाहीत. पाठ केलेलं होतं ते.

त्यांच्या गाडीत एक तुटका दोर होता आणि एक कोरा. तुटक्याबद्दल विचारलं तर आयोजक म्हणाला, "जुनो झाललो." मग लगेच, "साहेब, लवकर सोडा, माका परत वर जाऊचा आसा." पळणारा माणूस डोंगराकडे जायची घाई करत नाही. पुन्हा विचारलं, तर तो जबाबातलीच वाक्यं सांगू लागला.

बेपत्ता नोंद केली, वनखात्याला कळवलं आणि दोघांना घेऊन सांगितलेल्या घळीकडे निघालो. पायथ्याच्या गावातले वीसेक जण शोधाला आले. तिथला रिवाज असा, की रानात शिरण्याआधी त्याच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने मागणं मागायचं. दुपार झाली होती. काळा कातळ तापला होता आणि आत माणूस जिवंत असला, तर पाण्यावाचून किती टिकेल, हाच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. मी म्हटलं, "नंतर घाला."

गाऱ्हाणं घालणारे गावचे मानकरी, म्हातारे गावकर, शांतपणे म्हणाले, "वायच थांबा, साहेब. वर्दी सरकारची, रान त्याचा."

त्यांनी नारळ आयोजकाच्या हातात दिला. "तू न्हेलंस, तूच धर. खंय हरवलो ता देवाक खरा सांग. भलती जागा सांगशीत, तर देव भलतीकडेच धुंडीत रवात."

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' अशी साथ द्यायला सगळे हात जोडून उभे. आयोजक नारळ या हातातून त्या हातात करत राहिला.

मागून कोणीतरी म्हणालं, "काय रे, नारळ जड झालो?" दोघेतिघे हसले.

त्याने नारळ खाली ठेवला. "हय नाय ओ. पलीकडच्या घळीत. खाली कोंडीत आसा."

पलीकडची घळ वनखात्याने बंद केलेली. हा त्यांना तिथेच घेऊन गेला होता. तरुण खालच्या खोल, आटलेल्या डोहात, म्हणजे कोंडीत, उतरताना कड्याच्या धारेवर दोर तुटला. चारी बाजूंनी सरळ कातळ. वरचे दोघे अंधार पडेपर्यंत हाका मारत होते, तो उत्तरं देत होता. नवा दोर आणून गुपचूप काढू, म्हणजे कोणाला कळणार नाही, असा आयोजकाचा बेत होता.

डोंगराची सोंड ओलांडून तिथे पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेनंतर खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. आवाज काढण्याइतकं त्राण त्याच्या घशात उरलं नव्हतं. घोटा मोडला होता, पण तो जगला.

गुन्हा दाखल करताना मी आयोजकाला विचारलं, "सकाळीच मला का नाही सांगितलंस?"

"तुमी लिवन घेत होतास, साहेब."

जबाब मी नियमाप्रमाणेच घेतला होता. तरीही पुढच्या प्रत्येक बेपत्ता प्रकरणात आधी कागद बाजूला सारून माणूस कुठे आहे, एवढंच विचारलं. गुन्हा कोणाचा, हे तो माणूस वर आल्यावर लिहिता येतं.