गॅलरीतला पिवळा दिवा

यवतेश्वरच्या घाटात संध्याकाळी कॅमेरा लावून बसलं, तरी मनासारखा फोटो मिळायला वेळ अगदी थोडा असतो. त्याआधी डोंगर दिसतात, पण खाली साताऱ्यातले दिवे उमटत नाहीत. त्यानंतर दिवे उरतात आणि डोंगर काळोखात जातात. दोन्ही एका चौकटीत मावतील असा उजेड आला आला म्हणेपर्यंत सरतो. माणसांचंही तसंच असतं, असं म्हणणार होतो. पण डोंगर निदान सकाळी परत येतात.

मी इथे आलो की सुमन तिन्हीसांजेला गॅलरीतला जुना पिवळा बल्ब लावायची. "फोटोत मला शोधा," म्हणायची. मग घरी गेल्यावर आम्ही दोघं फोटो मोठा करून तो ठिपका शोधत बसायचो. गेल्या वर्षी ती गेली.

आज फोटो काढून झाल्यावर मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे ताणून बघत होतो. फिरायला आलेल्या एक बाई शेजारी थांबल्या.

"काय शोधताय एवढं?"

"आमच्या गॅलरीतला दिवा."

पांढऱ्या दिव्यांच्या गर्दीत तो ठिपका सापडला, तसा त्यांनाही दाखवला.

"अगंबाई, खरंच की! वहिनी वाट बघत असतील, निघा आता."

"हो, निघतोच," म्हणालो आणि ट्रायपॉड मिटला.

दुपारी घराला कुलूप घालण्याआधी तो दिवा मीच लावून आलो होतो, भर उन्हात.