आठव्या खुणेची वाळवी

आमच्या आत्याला कोणतीही वस्तू दाखवा, ती आधी तिच्यात दाभण खुपसून बघते. सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवल्यावर माणसाचा वरच्या कापडावरचा विश्वास उडतो, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाईक हौसेने रंग निवडत उभं असतं आणि ही खाली बसून सोफ्याच्या पायांना आतल्या बाजूने टोचत असते. लाकूड पोखरलेलं निघालं की मान वर न करता सांगते, कापड नंतर बघा, आधी पाय बघा. दुकानाच्या गल्लीत तिला दाभणच म्हणतात. ते हातातल्या हत्यारामुळे की जिभेमुळे, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

बावीस वर्षांपूर्वी ती एक शिलाई मशीन आणि एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. नवऱ्याने तिला टाकलं असं लोक म्हणायचे. मी त्याला टाकलं, असं ती ज्याला त्याला थांबवून सांगायची. बाबांनी तिला मागची खोली दिली. बाबा तिचे धाकटे भाऊ, धंद्याने गवंडी, आणि हाताने इतके साफ की त्यांच्या गिलाव्यावर माशी घसरावी. त्या खोलीला दार नव्हतं. पुढच्या महिन्यात बसवतो, ताई, असं ते तेव्हा म्हणाले होते. गावभर लोकांच्या चौकटी बसवत हिंडणाऱ्या माणसाचा तो पुढचा महिना काही उजाडला नाही. आत्याने जाड कापडाचा पडदा शिवून लावला. तो विटला तेव्हा दुसरा लावला, मग तिसरा.

त्या पडद्यातून आम्ही सगळे वाटेल तेव्हा आत घुसायचो. सिमेंटची पोती तिथे, केरसुणी तिथे, माझी सायकलही तिथेच. आत्या कपडे बदलत असली तर भिंतीकडे तोंड करायची आणि आम्ही आपलं काम उरकून बाहेर पडायचो. मीसुद्धा. आज हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण तेव्हा कधी डोक्यातही आलं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने जेवताना जाहीर केलं की ती घर घेते आहे. पैशांची जुळवाजुळव तिने कोणाला न सांगता केव्हाच करून ठेवली होती. बाबांचा घास हातातच राहिला.

घर म्हणजे एका बोळाच्या टोकाला दोन खोल्या आणि मागे कपडे वाळत घालण्याएवढी मोकळी जागा. दलाल आम्हाला फिरवत होता. उजेड बघा, वारा बघा, शेजार बघा, त्याचं तोंड काही मिटत नव्हतं. आत्याने यातलं काहीच बघितलं नाही. तिने पुढच्या दाराच्या चौकटीला नाक लावलं, अजून ओल्या असलेल्या तेलरंगाचा वास घेतला आणि चौकटीच्या पायाशी दाभण टेकवलं. ते लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. दलालाचं तोंड मात्र तेव्हा मिटलं.

मग त्याने सगळं कबूल केलं. वाळवी लागली होती, पण सहा वर्षांपूर्वी. औषध मारलेलं आहे, त्याचा कागद आहे. भिंतीच्या कडेने जमिनीत हात-हातभर अंतरावर भोकं पाडून बुजवलेली होती, ती त्याने दाखवली. वाळवी केव्हाच मेली, असं तो शपथेवर सांगत होता. आत्याने सांगितलं की शपथ वाळवीने घेतली तर आपण मानू. आणि घरभर वाकून, गुडघे टेकून, स्टुलावर चढून तिने एकूण एक लाकूड टोचलं. तुळया ठणठणीत निघाल्या. तिन्ही दारांच्या चौकटी खाली वीतभर खाल्लेल्या होत्या आणि एका खिडकीचा भुगा झाला होता.

घरी आल्यावर बाबांनी हात झटकले. जगात घरं काय कमी आहेत, म्हणे. वाळवी लागलेलं घर म्हणजे जाणूनबुजून गळ्यात धोंडा बांधून घेणं. सांगितलेलं ऐकायचंच नाही, ही हिची पहिल्यापासूनची खोड. आत्या शांतपणे ऐकत होती, आणि ती शांत असली की समजावं, तिचं ठरलं आहे.

"खाल्लेलं लाकूड बदलता येतं," ती म्हणाली. "खाणारी आत बसली आहे की गेली, एवढंच मला बघायचंय."

ते बघायची तिची रीत सोफ्यांवर पारखलेली होती. वाळवी उघड्यावर चालत नाही. ती भिंतीवरून, लाकडावरून मातीची बोटभर रुंद नळी बांधत जाते आणि आतून ये-जा करते. त्या घरात अशा जुन्या नळ्या आठ ठिकाणी होत्या. आत्याने प्रत्येक नळी मधोमध दोन बोटं खरवडून तोडली, फटीच्या वर आणि खाली कापडावर आखायच्या खडूने रेघ मारली आणि शेजारी आकडा घातला. एक ते आठ. वाळवी जिवंत असेल तर तुटलेली वाट बुजवल्याशिवाय राहणार नाही. तीन आठवडे थांबायचं. आठही फटी उघड्या राहिल्या तर घर घ्यायचं, एक जरी बुजली तरी नाद सोडायचा. हे तिने दलालासमोर, बाबांसमोर आणि माझ्यासमोर बोलून टाकलं. दलालाने किल्ली देऊन टाकली. ती आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकली.

ते तीन आठवडे आत्याने दुकानात कोणाचं काही चालू दिलं नाही. घरी मात्र ती पडद्याआड कागदावर दोन खोल्यांचा नकाशा काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. मी सायकल घ्यायला गेले की कागद उशीखाली सरकवायची. बाबा एका दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडले आणि तासाभराने आले. नखांत माती होती. पण गवंड्याच्या नखांत माती असायचीच, त्यात कोण काय बघणार.

ठरलेल्या दिवशी आम्ही चौघं गेलो. पहिली फट उघडी, खडूवर धूळ बसलेली. दुसरी उघडी. तिसरी, चौथी. दलाल प्रत्येक फटीला मान डोलवत होता, जणू त्यानेच ती राखली होती. सातव्यापर्यंत सगळं जसंच्या तसं. आठवी खूण मागच्या दाराच्या चौकटीवर होती. ती बुजलेली होती.

बाबांनी सुस्कारा सोडला आणि हळूच म्हणाले, "मी सांगत होतो, ताई." आत्या जमिनीवर बसली. बावीस वर्षांत मी तिला इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि त्या उशीखालच्या कागदाची आठवण आल्यावर जास्तच.

मग, हाताची सवय, दुसरं काय, तिने दाभण काढलं आणि त्या बुजलेल्या मातीत टोचलं. ते आत गेलं नाही. तिने जोर लावला. तरी नाही. वाळवीची नळी आतून पोकळ असते, नाहीतर ती चालणार कुठून? ही माती भरीव होती. आत्या गुडघ्यांवर पुढे सरकली आणि डोळे बारीक करून बघायला लागली. मातीच्या दोन्ही कडा सारख्या होत्या, वरून हलकेच बोट फिरवून गुळगुळीत केलेल्या. आणि भर बरोबर खडूच्या रेघेशी थांबली होती, वरही आणि खालीही. रेघ पुसली जाऊ नये म्हणून कोणीतरी जपलं होतं.

"वाळवी इतकं साफ काम करत नाही," आत्या म्हणाली. ती वळली नाही. "तुला ओबडधोबड ठेववलं नाही ना रे?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. दलालाला एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं.

"लोक काय म्हणतील, ताई?" बाबांचा आवाज बसला होता. "बावीस वर्षं ठेवली आणि म्हातारपणी बाहेर काढली म्हणतील."

"ठेवली?" आत्या उठून उभी राहिली. "मी काय तुझी सिमेंटची पोती आहे? त्यांच्याबरोबर ठेवलंस ते खरं."

"तू गेलीस की घर रिकामं होईल गं."

हे मात्र ते खरं बोलले होते. मला वाटलं, आता ही विरघळेल. भाऊ रडवेला झाला की बहिणी विरघळतात, असं सगळे धरून चालतात. आत्या विरघळली नाही.

"होऊ दे," ती म्हणाली. "बावीस वर्षांत माझ्या खोलीत कोणी विचारून आलं नाही. मला दार पाहिजे. खालून वीतभर खाल्लेलं असलं तरी चालेल, पण ते माझं पाहिजे, आणि ते लोकांनी वाजवलं पाहिजे. तुझ्या हातांत एवढं कसब आहे, आणि ते तू बहिणीच्या दारावर माती थापायला वापरलंस."

तिने दलालाला हाक मारली आणि चार चौकटींचा खर्च किमतीतून वजा करायला लावला. दलालाने तोंड उघडलं तेव्हा तिने त्याला ओल्या रंगाची आठवण करून दिली. मग बाबांना सांगितलं की चौकटी तेच बसवतील, आणि पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या रविवारी. बाबांनी मान खाली घालून बसवल्या. त्या घरातल्या चौकटींसारख्या काटकोनात बसलेल्या चौकटी मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. आठव्या खुणेचा लाकडाचा तुकडा आत्याने फेकू दिला नाही. तो आता दुकानात फळीवर आहे. कोणी विचारलं की ती सांगते, ही आमच्या भावाची वाळवी.

ती राहायला गेल्यावर पहिल्या सुट्टीला बाबा आणि मी तिच्याकडे गेलो. बाबांनी सवयीने दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं. आत्या खिडकीपाशी खुर्चीची बैठक शिवत होती. तिने वरही बघितलं नाही.

"बाहेर जा," ती म्हणाली, "आणि नीट ये."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी उंबरठ्याबाहेरच उभी होते आणि तिथून हलले नाही. ते मागे आले, दार ओढून घेतलं आणि स्वतःच बसवलेल्या चौकटीसमोर हात खाली सोडून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी दोनदा दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी, ताई. तुझा भाऊ."

"थांब जरा," आतून आवाज आला. "हातातला टाका पुरा करते."

आम्ही थांबलो.