शकुताईंची लादी

आमच्या सोसायटीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे आणि तिच्यावर पाळत ठेवायला शकुताई आहेत. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खिडकीत. वॉचमनला पगार मिळतो, म्हणून तो झोपतो. शकुताई फुकट जाग्या असतात.

उभी हयात बँकेत गेली बाईंची. चेकवरची सही नमुन्याशी ताडून बघायची, हेच काम. रिटायर झाल्या, पण ताडून बघणं काही सुटलं नाही. नवा कुरियरवाला आला की विचारणार, "कालचा कुठे गेला?" मी बटाटेवडे घेऊन गेले तरी आधी वड्याकडे बघणार, मग माझ्याकडे. "आज काय काम काढलंस गं, चेतना?" काम असतंच म्हणा. पण म्हणून असं तोंडावर विचारायचं?

त्यांच्या खालच्या घरात रेवती राहते. तेरा वर्षांची, काटक, कबड्डीत चढाईला गेली की हाताला न लागणारी. (रेवती हे तिचं खरं नाव नाही, तिच्या आईचं आणि इतर मुलींचंही बदललंय. खरं मी मेले तरी सांगणार नाही, आणि माझ्या पोटात राहिलेल्या गोष्टी किती कमी, ते सोसायटीला विचारा.) तिची आई क्षमा अंधेरीला ऑफिसात जाते, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी शकुताईंकडे. पोहे खायचे आणि मागच्या मैदानातल्या मंडळात खेळायला पळायचं. यंदा जिल्ह्याच्या संघात तिची निवड होणार, असं सगळे म्हणत होते. शकुताईंनी तर निवडीच्या दिवशी नेसायची साडीसुद्धा काढून ठेवली होती.

अडचण एकच, वजन. मुलांच्या कबड्डीत वजनाची अट असते. ठरलेल्या आकड्यापुढे काटा गेला की खेळाडू बाहेर. म्हणून मंडळाचे कोच चंद्रप्रकाश सर दर गुरुवारी मुलींचं वजन घ्यायचे. सामानाच्या खोलीत, एकेकीला बोलावून, दार लोटून.

सर म्हणजे काय माणूस! म्हाताऱ्यांच्या पाया पडणार, मुलींना स्कूटरवरून घरी सोडणार, माझ्या विनोदांना हसणार. आमचे हे लग्नाला वीस वर्षं होऊन हसत नाहीत, त्यामुळे सर मला फार आवडायचे.

मे महिन्यात एका शुक्रवारी शकुताई खिडकीतून खाली वाकलेल्या दिसल्या.

"पडाल हो! पंचनाम्याला मला बोलावतील."

"चेतना, रेवतीच्या दोरीवर बघ. काय दिसतंय?"

"कपडे."

"दोन टी-शर्ट, दोन ट्रॅकपँट. इतर दिवशी एकेक असतात. शुक्रवारीच दोन."

"आता लोकांचं धुणं पण तपासता का, साहेब?"

"गुरुवारी वजन असतं. वजन कमी भरावं म्हणून पोरं उपाशी राहतात. आणि ही पोरगी मे महिन्यात एकावर एक कपडे घालून काट्यावर उभी राहते? का?"

मी दोरीवरचे कपडे पुन्हा मोजले.

संध्याकाळी पोहे खाताना शकुताईंनी रेवतीला विचारलं, मी तिथेच होते. "दोन टी-शर्ट का गं घालतेस?"

"थंडी वाजते, आजी."

माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. शकुताईंनी खोदून विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या, आणि तिच्या बशीत आणखी पोहे वाढले.

पोरगी गेल्यावर मला म्हणाल्या, "गेल्या वर्षभरात मंडळातून तीन मुली गेल्या. मी तिघींच्या आयांना विचारलं. तिघींचं एकच उत्तर, 'अभ्यास वाढला.' "

"वाढला असेल की."

"त्यातल्या किरणचा?"

किरणने पुस्तक उघडलं तर पेढे वाटायची वेळ यायची.

"माणूस स्वतःची सहीसुद्धा दोनदा सारखी करत नाही, चेतना. हुबेहूब तीच आली की समजायचं, कुणीतरी गिरवून दिली आहे."

क्षमाला सांगितलं, तर ती पांढरीफटक पडली. "नकोच ती कबड्डी! उद्यापासून घरी बस म्हणते तिला."

"तिने काय केलंय म्हणून तिने घरी बसायचं?" शकुताई इतक्या जोरात बोलल्या की खालचा वॉचमन जागा झाला. "तीन बसल्याच आहेत. ही चौथी बसवायची, आणि सर तिथेच?"

मग आमची वरात मंडळाचे अध्यक्ष विद्याधरराव यांच्याकडे. भला माणूस, पण मंडळाचं नाव निघालं की छातीला हात लावणारा. "अहो, नुसत्या संशयावरून चांगल्या कोचला काढायचं?"

"काढू नका. वजनाचा काटा खोलीतून बाहेर काढा. बास."

सरांना बोलावलं. ते हसतच आले. "काकू, बाहेरची जमीन उंचसखल आहे. काटा चुकीचा दाखवतो. आणि चारचौघांत वजन सांगायला मुली लाजतात."

मला पटलं. खरंच सांगते, पटलं. शकुताईंना काय पटणार?

पुढच्या गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून उरलेली भलीमोठी लादी मैदानात निघाली. वाहणारे आमचे हे. "बाई संशयी आणि कंबर माझी," असं वाटभर पुटपुटत होते. शकुताईंनी माती सारखी केली, लादी बसवली, वर पाण्याने काठोकाठ भरलेली थाळी ठेवली. थेंब सांडला नाही.

"झाली सपाट. लाजेचं म्हणाल तर आकडा मी वाचते, मुलीच्या कानात सांगते. आणा काटा."

आम्ही बायका खुर्च्या टाकून बसलेलो. रेवती आली, अंगात एकच टी-शर्ट.

सरांनी घड्याळ बघितलं. "आज राहू दे. उशीर झालाय."

त्याच्या पुढच्या गुरुवारीही लादी तयार, आम्ही तयार. सर म्हणाले, "दर आठवड्याला वजन कशाला? मुलींना उगाच टेन्शन."

शकुताई विद्याधररावांकडे वळल्या. आवाज अगदी बँकेतला. "वर्षभर एक गुरुवार चुकला नाही. दाराबाहेर काटा आणायचा म्हटल्यावर वजन लागेनासं झालं?"

विद्याधररावांचा हात छातीवर गेला नाही. त्यांनी खिशातून खोलीला लावायचं नवं कुलूप काढलं आणि सरांसमोर हात पसरला. "किल्ली द्या. उद्यापासून येऊ नका." सर तेव्हाही हसले. ते हसू मला पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या विनोदांवरही हेच हसू असायचं.

त्या संध्याकाळी रेवती पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढत बसली होती. कुणी काही विचारलं नव्हतं. आपणहूनच म्हणाली, "आजी, आत गेलं की ते म्हणायचे, कपड्यांचं पण वजन भरतं, काढ. म्हणून मी जास्त घालायचे. काढायला वेळ लागला की बाहेरून पुढची मुलगी दार वाजवायची."

शकुताईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग क्षमाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोलीस स्टेशनला गेल्या. किरणची आईसुद्धा आली, रडत. केस चालू आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही.

रेवती खेळते. परवा निवड झाली. शकुताई काढून ठेवलेली साडी नेसून गेल्या आणि अगदी पहिल्या रांगेत बसल्या. नव्या कोच नीलम मॅडम आहेत. मी विचारलं, "ही तरी बरी आहे ना, साहेब?"

"असेल. पण खोलीचं दार उघडंच राहील."

तसं शकुताईंनी सांगताच नीलम मॅडमनी पहिल्याच दिवशी दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शकुताईंनी ते बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "इतक्या पटकन का ऐकलं गं हिने?"