राबातल्या खुंट्या

कात्रपच्या आपल्या घराच्या खिडकीतून तुम्हा नातवंडांना जो डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी तुमच्या आजोबांनी घेतलेली आंब्यांची जागा आहे. तिला लागून वाडीवरच्या एका बाईचं भातशेत आहे. दर उन्हाळ्यात ती आपल्या झाडांखालचा पाला झाडून नेते, कारण तिला राब भाजायचा असतो. शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पेटवायचं आणि पावसात त्याच भाजलेल्या मातीत भाताची रोपं वाढवायची. तेवढा तुकडा गेला, तर बाकीच्या शेतात लावायला काही उरत नाही. पाल्याच्या बदल्यात मला तांदूळ मिळतात आणि वाडीच्या बातम्याही.

गेल्या थंडीत मात्र बातमी कुणीच दिली नाही. एके सकाळी लाल डोक्याच्या लाकडी खुंट्याच दिसल्या. विजेची मोठी लाईन जाणार होती, आणि एका टॉवरचे चार पाय आपल्या आंब्यांमध्ये येत होते. एका फार्महाऊसच्या कुंपणापाशी लाईन अचानक वळते, म्हणजे कुणीतरी ती वळवून घेतली, हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून वाडीत जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला.

वाडीच्या बैठकीत माझं नाव पुढे आलं. "बाई, साहेबाशी तुम्हीच बोला. तुमचं इंग्रजी ऐकून घाबरेल तो."

मोजणीचा साहेब जीपमधून उतरला तोच इंग्रजी बोलत. मीही इंग्रजीतच सांगितलं, की लाईन रस्त्याच्या कडेने न्या, कुणाच्याच शेतातून नको. त्याने मान डोलावली, माझ्या थर्मासमधली कॉफी घेतली. सगळे गोल उभे राहून आमच्या तोंडांकडे बघत होते. मी खुशीत घरी आले.

थोड्याच दिवसांत खुंट्या हलल्या. आपल्या आंब्यांतून निघाल्या आणि तिच्या राबात जाऊन उभ्या राहिल्या. थंडीत तो तुकडा उघडाबोडका असतो, पडीक वाटला असेल. किंवा तसं दाखवणं सोयीचं असेल.

उन्हाळा लागला, तरी आपल्याकडे पाला तसाच पडून. शेवटी मीच तिच्या दारात गेले.

"पाला नाही नेलास?"

"राबच नाय राहिला, पाला कशाला?" तिने हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. "तुमच्या इंग्रजीनं काम केलं, बाई. तुमचं."

"अगं, मी सगळ्यांसाठी बोलले."

"असाल बोलल्या. आम्हाला काय समजलं? तो हसला, तुम्ही हसलात."

आतून तिची सासू ओरडली, "विचार तिला, कॉफीत साखर किती घातलेली!"

मला राग आला. त्या दिवशी एवढी माणसं उभी होती, आणि माझ्या बाजूने साक्ष देऊ शकेल असं त्यांत कुणीच नव्हतं.

पुढच्या वेळी जीप आली, तेव्हा मी थर्मास नेला नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "आमच्या जागेतल्या खुंट्या कुणी हलवल्या?"

"मॅडम, देअर आर टेक्निकल रीझन्स..."

"मराठीत सांगा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग अस्सल घाटावरच्या मराठीत म्हणाला, "वरनं सांगितलं तसं केलं, आजी."

म्हणजे मराठी येत होती! मग पहिल्या दिवशी इंग्रजी कशाला? कदाचित माझ्या मानाखातर. मला ते पटत नाही.

मी म्हटलं, "तो तुकडा पडीक नाही, त्यावर तिचं सगळं शेत चालतं. रस्त्याने लाईन नेणार नसाल, तर खुंट्या परत माझ्या आंब्यांत घाला."

"बघू," म्हणून तो गेला.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "हे पण तुम्हा दोघांचं आधीच ठरलं असेल."

पण दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेले, तर ती पाला भरत होती. टोपल्या नेऊन तिने तो राबावर पसरला, खुंट्यांवरही.

"खुंट्या उपटायच्या नाहीत का आधी?"

"सरकारी वस्तूला हात लावू नये, बाई," असं म्हणून तिने काडी ओढली.

आता तिथे वीतभर रोपं आहेत. नव्या खुंट्या घेऊन जीप परत येईलच, कुठे ठोकतील ते ठाऊक नाही. आम्ही दोघी रस्त्यावर नजर ठेवून असतो. ती अधूनमधून माझ्यावरही ठेवते.