शनिवारचं केळं

२००५च्या उन्हाळ्यात मी मिशिगनमधल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात हाउलर माकडांच्या निरीक्षणाचं काम करत होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही सोपवलं की आपल्याला जमेल का, ही धाकधूक आधी.

त्या शनिवारी काम एकच होतं: म्हातारी मादी पाला खाते का, ते बघायचं. कुणीतरी जाळीतून गोड बिस्किटं टाकली होती, तेव्हापासून तिचं पोट बिघडलेलं. ही माकडं मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत उंच झाडांवर राहतात आणि बरीचशी पाल्यावरच जगतात. पाला पचायला इतका वेळ लागतो की दिवसभर ती नुसती पडून असतात. बाजारातलं गोड फळ त्या पोटाला सोसत नाही. संध्याकाळपर्यंत तिने पानं खाल्ली नाहीत, तर भूल देऊन तपासावं लागणार होतं. आणि या वयात ती भुलीतून उठेलच असं नाही, असं माकडांची देखभाल करणाऱ्या कीपरबाई म्हणाल्या होत्या.

मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. जवळच्या ट्रॉय शहरात मी ज्यांच्याकडे राहायचे, त्या काकू मला सोडायला आल्या होत्या. मी वळून बघते तर त्या कठड्यावरून वाकलेल्या, हातात सोललेलं केळं.

“काकू, नका!”

“अगं, शनिवार आहे. मारुतीराया समोर बसलेत आणि मी रिकाम्या हाताने जाऊ? नैवेद्य दाखवून आणलंय.”

“ती आजारी आहे.”

“उपाशी ठेवलीय म्हणून. बघ, कशी येतेय!”

खरंच येत होती. शेपटीने फांदी धरून, हळूहळू. सकाळपासून पहिल्यांदाच हलली होती. मी डळमळले. काहीच न खाण्यापेक्षा एवढं तरी? वरच्या फांदीवरून नराने गळा फुगवून घुमती आरोळी ठोकली. मादी थांबली नाही. तिची बोटं जाळीबाहेर आली.

मी काकूंच्या हातातून केळं ओढून घेतलं. मोठ्यांच्या हातातलं काही असं हिसकावण्याची माझी पहिलीच वेळ. आता टाकावं तर प्रसाद. मग तिथेच उभं राहून मी ते खाल्लं.

“शाब्बास. मारुतीच्या तोंडचा घास काढलास,” काकू म्हणाल्या.

मादीने बोटं आत घेतली. काकू माझ्याकडे बघेनात, पण गाडीकडेही जाईनात. मादीने तिच्यासाठी जाळीला आतून बांधून ठेवलेली विलो झाडाची फांदी ओढली, हुंगली, सोडून दिली. माझा जीव टांगणीला लागला. पुन्हा ओढली. टोकाचं कोवळं पान तोडलं.

“चावतेय का?” काकूंनी हळूच विचारलं.

“थांबा.”

“चावतेय गं! दुसरं घेतलं बघ.”

वेळ टिपून ठेवायला हवी होती, पण माझा लिहायचा हात काकूंनी घट्ट धरून ठेवला होता.