फोरमनकाकांचा उघडा कॉम्प्युटर

फोरमनकाका कुठलीही वस्तू तपासायला हातात घेतली की आधी डोळे मिटत. चांगलं दिसत होतं तेव्हापासूनची ही सवय. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सारी नोकरी गेली. कामगारानं घासून आणलेला तुकडा ते तळहातावर घेत, डोळे मिटत, वरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "हितं जरा उचललंय." मग गेज लावून पाहिलं की तिथे खरोखरच उचललेलं असे. हे सगळं मी नुसतं ऐकून होतो. पाहायला मिळालं ते फार उशिरा, त्यांचे डोळे जात असताना.

केडगावात पुणे रस्त्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत छोटासा क्लास. एका सकाळी बायकोचा, म्हणजे मार्थाकाकूंचा, हात धरून ते आत आले. "सलाम, मास्तर," म्हणाले. पासष्टी ओलांडलेल्या माणसानं माझ्यासारख्याला मास्तर म्हणावं, याचं मला हसूच आलं. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याचीही नजर आकसत चालली होती. डॉक्टरांनी वर्षभराच्या वर आशा दाखवली नव्हती. "तेवढ्यात मला आंधळ्यानं काम्प्युटर कसा चालवायचा ते शिकवा," काका म्हणाले. आवाजात रडगाणं नव्हतं. नव्या मशिनवर बदली झालेला माणूस माहिती विचारतो, तसं त्यांनी विचारलं.

कारण काकूंनी सांगितलं. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधली नेमलेली वचनं, वाचण्याचं काम कित्येक वर्षं काकांकडे होतं. पाळकसाहेब बुधवारी पाठ कळवत आणि रविवारी काका पुढे उभे राहून वाचत. आता अक्षर दिसेनासं झालं होतं. पाळकसाहेबांनी मायेनं सुचवलं, की आता दुसरं कुणी वाचेल, तुम्ही आराम करा. हा आराम काकांना नको होता. कॉम्प्युटरनं वाचून दाखवायचं, आपण तीन दिवसांत पाठ करायचं आणि रविवारी उभं राहायचं, असा त्यांचा बेत होता. काकू वाचून दाखवणार नाहीत का, असं मी विचारलं. "दावती की. पन येकच ओळ ईस येळा वाच म्हनल्यावर देवमानूस बी कावंल," काका म्हणाले, आणि काकूंनी मान हलवून दुजोरा दिला.

काकांचा पुण्यातला मुलगा लॅपटॉप द्यायला तयार होता. काकांना तो नको होता, आणि मी दाखवलेलं चकचकीत कॅबिनेटही नको होतं. "झाकन नको, मास्तर. ह्यो शनिवारी बंद पडला तर मी कुनाच्या दारात जाऊ? जे बिघडंल ते माज्या बोटाला गावलं पायजे." मग त्यांनीच उपाय सांगितला. कारखान्यात कन्व्हेअरला, मशिनच्या जाळीला वापरतात ती चारी बाजूंनी खाच असलेली ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी असते, तिला सगळे प्रोफाइल म्हणतात. त्या प्रोफाइलचा नुसता सांगाडा उभा करायचा आणि कॉम्प्युटरचा एकेक भाग त्यावर उघडाच बसवायचा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकानं मापात कापलेले बारा तुकडे आणून दिले आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं.

मला वाटलं होतं, दोन सकाळींचं काम. आठ दिवस लागले. आधी काकांनी प्रत्येक तुकड्याची टोकं कानशीनं घासली, कारण कापलेल्या ॲल्युमिनियमची धार बोटाला लागते आणि पुढे त्यांना सगळं बोटांनीच पाहायचं होतं. मग तिकोनी कानशीनं खुणा केल्या. एक खाच असेल तिथे पॉवर सप्लाय, दोन असतील तिथे हार्डडिस्क, तीन असतील तिथे पंखा. पंख्याला जाळी. मदरबोर्डसाठी मधोमध एक पत्रा. मी नाना शंका काढायचो, ते घासत राहायचे. "विजेच्या धक्क्याचं काय, काका?" म्हटलं तर म्हणाले, "आदी पिन काढायची, मंग हात लावायचा. चाळीस वर्सं माजी धाई बोटं शाबूत हायेत ती उगं न्हाई."

या प्रोफाइलची एक खोड आहे. ज्या नटांत बोल्ट कसायचे ते नट टोकाकडून खाचेत आधीच सरकवून ठेवावे लागतात. सांगाडा जुळल्यावर टोकं बंद होतात आणि विसरलेला नट आत घालायला वाटच उरत नाही. मी पहिल्यांदा चार नट विसरलो. सगळं खोललं. दुसऱ्यांदा दोन विसरलो. पुन्हा सगळं खोललं. काका दोन्ही वेळा माझ्याबरोबर खाली बसले, पण त्यांचे गुडघे दुखत होते हे मला दिसत होतं.

तिसऱ्यांदा सांगाडा उभा राहिला तेव्हा काकांनी टेप माझ्या हातात दिली. टेपवरचे आकडे त्यांना आता दिसत नव्हते. "दोनी कर्न मोजा," म्हणाले. चौकट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. एक भरला चारशे बारा मिलिमीटर, दुसरा चारशे पंधरा. बोल्ट कसताना सांगाडा एका अंगाला ओढला गेला होता. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला होता. तीन मिलिमीटरनं कॉम्प्युटरचं काही अडणार नव्हतं. "दोन्ही चारशे बारा," मी म्हणालो.

खिशातून सुतळी काढून काकांनी चाचपडत एका कर्णावर ताणली आणि दोन्ही टोकं चिमटीत धरली. तशीच ती दुसऱ्या कर्णावर नेली. सुतळी कमी पडली. त्यांनी डोळे मिटून ती उरलेली फट अंगठ्यानं दोनदा पाहिली.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या फटीचं मला काय वाटत न्हाई. काम्प्युटर त्येच्यावर बी चालंल. पन उद्यापासनं मी काय बी इचारलं तर तुमच्याच डोळ्यानं बघनार. मंग तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगताय का खरं सांगताय, हे मी कुनाला इचारू?" मी माफी मागितली. त्यांनी पाना हातात घेतला आणि सगळे बोल्ट सैल केले. गुण्या लावून आम्ही तो सांगाडा पुन्हा काटकोनात आणला. त्या दिवसानंतर त्या माणसाशी मी एकदाही खोटं बोललो नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्यातली बाई काकांना वाचून दाखवू लागली. "ही देवाचं वचन बी यष्टीची घोषना केल्यागत वाचती," ही त्यांची तक्रार होती, पण पाठ चोख होऊ लागले. वर्षाच्या आत डावा डोळाही गेला. काकांनी एकही रविवार चुकवला नाही. एका शनिवारी त्यांचा फोन आला. यंत्र मुकं झालं होतं, त्यांनी पिन काढली, बोटांनी एकेक भाग चाचपला, सैल झालेली रॅमची पट्टी काढून पुन्हा दाबून बसवली आणि बाई बोलायला लागली. मी निघतो म्हटलं तर म्हणाले, "बोलावलं न्हाई. नुस्तं सांगाया फोन केला." त्या दिवशी काकांनी घरी आलेल्या प्रत्येकाला ही हकिकत ऐकवली, असं काकू नंतर म्हणाल्या.

रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसावं आणि चुकलेलं सांगावं, हा त्यांचा हट्ट होता. आमच्या घरी खंडोबा, त्यामुळे पहिल्या दिवशी मी अवघडून बसलो. नंतर सवय झाली. माझ्या मोबाईलवर तो पाठ असे आणि काका बोलत असताना मी ओळींवरून बोट फिरवत असे. उपासना संपली की लोक त्यांचा हात हातात घेऊन "फार छान झालं" म्हणत. ते सगळ्यांचे आभार मानत आणि मग माझा दंड धरून बाजूला नेत. मी सांगायचो, अमुक शब्दाऐवजी तमुक आला. कधी सांगायचो, काहीच चुकलं नाही, आणि त्यावर त्यांचा विश्वास बसे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

असं तीन वर्षं चाललं. मग एका रविवारी काका मध्येच थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिसऱ्या वचनावरून थेट शेवटाला गेले. मधली चार वचनं राहिली. खाली बसताना त्यांनी नेहमीसारखी मान ताठ ठेवली होती. लोकांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ हात हातात धरून छान झालं म्हटलं. काकांनी माझा दंड धरला. त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या आणि डोळ्यांत पाणी आणून मला मानेनं नाही, नाही म्हणत होत्या.

मी सांगितलं. सुरुवात दोनदा झाली, चार वचनं गेली. काकांची पकड तशीच राहिली. "मला समजलं बी न्हाई," ते म्हणाले. मग विचारलं, "गेल्या रविवारी येकच शबूद म्हनलात, ते खरं?" मी म्हटलं, खरं. त्यांनी मान हलवली, पाळकसाहेबांकडे न्यायला सांगितलं आणि माझ्यासमोरच म्हणाले, "साहेब, आता दुसऱ्या कुनाला तरी द्या. देवाचं वचन अर्दं सांगू नये." घरी सोडायला गेलो तेव्हा काकूंनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. दोन वाक्यांत मी काकांचा रविवार काढून घेतला होता, आणि ते योग्य होतं की नाही हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पुढचे काही महिने ते माझ्या शेजारी, शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांचं वाचन ऐकत. हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं.

कबरस्थानात पाठ कुणी वाचायचा असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा मार्थाकाकू "मी" म्हणाल्या. त्यांनी कधी चारचौघांत वाचलं नव्हतं. पहिल्या ओळी स्पष्ट आल्या, मग आवाज फुटायला लागला, शेवटी नुसते ओठ हलत होते. प्रार्थना झाली. लोक माती देऊ लागले, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून छान वाचलंत म्हणू लागले. सवयीनं मोबाईलवर तो पाठ उघडून मी मागे उभा होतो. काकूंनी गर्दीत मला शोधलं आणि पुस्तक छातीशी धरून माझ्यासमोर आल्या. कित्येक महिन्यांनी त्या माझ्याशी बोलत होत्या.

"सगळं वाचून झालं का रे माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू," मी म्हणालो. "शेवटची दोन वचनं कुणालाच ऐकू आली नाहीत."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. त्या मागे वळल्या, माती देणाऱ्यांना हातानं थांबवलं, कबरीच्या काठाशी उभं राहून पुस्तक उघडलं, आणि ती दोन वचनं खणखणीत आवाजात वाचली.